शेवंतीने नाच सोडला त्याची हकीकत

औसा, शेतावरचं घर
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (यातला 'साष्टांग' या खेपेला खरा समजावा. हे पत्र मी पालथी पडून, छातीखाली दोन उशा घेऊन लिहीत आहे. कारण पुढे येईल. तोवर वहिनींना काही सांगू नये.) तुमचा खोकला कसा आहे? वहिनींनी गुडघ्याला तेल लावणं सोडलं असणार, कारण जरा बरं वाटलं की त्या आधी औषधावरच रागावतात. त्यांना म्हणावं, गुडघा आहे तोवर त्याची किंमत करा. मी हे अनुभवाने सांगते आहे.

परवा फोनवर तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. अनिमेष पुण्याला नोकरीसाठी कधी येतो, हरभरा कसा आहे, आणि शेडमधली तुमची राजदूत फटफटी ताडपत्रीखाली नीट आहे ना. मी 'आवाज येत नाही' म्हणून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता. जिने सारी नोकरी नांदेड स्टेशनवर तीन भाषांत गाड्यांची उद्घोषणा करण्यात घालवली, तिला आवाज केव्हा येऊ द्यायचा नाही हेही कळतं. पण फोनवर तुम्ही मध्ये बोलता. पत्रात मध्ये बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर फिलोमिना सांगायच्या की जी गोष्ट वाचणाऱ्याला आवडणार नाही ती सुवाच्य अक्षरात लिहावी. माझं अक्षर बघा.

आधी अनिमेष. तुम्ही मुलाला स्पेनला हॉटेलचं काम शिकायला पाठवलंत. तो पाहुण्यांना जेवण वाढायला शिकण्याऐवजी घोड्यांना चारा घालायला शिकून आला, आणि येताना पोळपाटासारखी सपाट टोपी घेऊन आला. तुम्ही मला म्हणालात, कुसुम, तुझी जीभ आहे, चार दिवस औशाला जा आणि त्याच्या डोक्यातलं हे खूळ काढ. म्हणून मी चार दिवसांचे कपडे घेऊन आले. तेव्हा पोळा व्हायचा होता. आता मी शेषेरावाच्या धोंडाबाईच्या साड्या नेसते आहे. यावरून मोहिमेचा अंदाज यावा. (शेषेरावाने तुम्हाला रामराम सांगितला आहे. आपलं शेत इमानाने करतो, फक्त लेकीच्या, पुनमच्या लग्नाच्या धांदलीत बांधावरचं गवत राहिलं आहे. ते कुणी खाल्लं, तेही पुढे येईल.)

मी आले तेव्हा दारात चिंचेखाली एक पांढरी घोडी उभी होती. हिचं नाव शेवंती. उदगीरकडच्या गुरुपादप्पाची घोडी, लग्नात नाचणारी. गुरुपादप्पा म्हणजे कामाच्या दिवशीही गुलाबी फेटा बांधणारा माणूस. त्याच्या मिशा त्याच्या आधी खोलीत येतात. या शेवंतीने गेल्या लग्नसराईत नाचायचं बंद केलं होतं. लगाम हातात घेतला की मान वर करायची आणि मागे मागे सरकायची. एका नवरदेवाला तिने मारुतीकडे न्यायच्या ऐवजी उलट्या पावलांनी बसस्टँडपर्यंत नेलं. (मुलीकडच्यांना वाटलं, मुलगा पळून चालला.) गुरुपादप्पा तिला अनिमेषकडे सोडून गेला होता आणि अट घालून गेला होता: पुनमच्या लग्नात माझ्यादेखत नाचली तर माझी, नाहीतर माळेगावच्या जत्रेत विकणार. तिथे तिला घेणारा एकजण तयारच होता. त्याच्याबद्दल खुद्द गुरुपादप्पा म्हणाला की त्याचा हात जड आहे. ज्याच्या खिशात तसला लगाम असतो तो माणूस दुसऱ्याचा हात जड म्हणतो, तेव्हा तो हात कसा असेल?

तसला लगाम म्हणजे कसला, ते त्याने मला कौतुकाने दाखवलं. तोंडात जाणाऱ्या कडीला आतून काटे. ओढलं की घोडी मान आखडून पाय नाचवते, आणि आपण खाली उभं राहून टाळ्या वाजवतो. दादा, तुमच्या लग्नात आपणही वाजवल्या होत्या. मी गुरुपादप्पाला म्हटलं, हा जरा स्वतःच्या तोंडात धरा आणि मला आपलं पूर्ण नाव सांगा. तो हसला.

"बाई, मी कुटं नाचतो?"

"घाला. नाचाल."

त्यानंतर तो माझ्यापासून चार हात लांब उभा राहू लागला.

मला वाटलं, अनिमेष यावर खूश होईल. म्हणून मी तशीच त्याच्याकडे वळले. (माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की नातं बघत नाही, हे तुम्ही जाणताच.) मी विचारलं, तुझ्या स्पेनमध्ये सगळे संत आहेत का? तिकडे घोड्याला काय घालतात? पोरगं उठून आत गेलं. मग पेटीच्या तळातून फडक्यात गुंडाळलेली एक लोखंडी कमान काढली. नाकाच्या हाडावर बसते, आणि तिलाही दाते. तिकडची जुनी रीत. त्याच्या गुरूने ती वापरणं सोडून भिंतीवर टांगली होती आणि निघताना याच्या हातात दिली, म्हणाले, आपल्या कलेत हेही होतं हे विसरू नकोस. मी म्हटलं, बरं आहे, आमच्याकडे काटा तोंडात आहे, तुमच्याकडे नाकावर. सुधारणा वीतभर वर सरकली म्हणायची. त्यावर तो भांडला नाही. तो म्हणाला, आत्या, म्हणूनच तर बघायचंय की लोखंडाशिवाय ती कला उरते का. दादा, हे उत्तर मला पटलं. मी ती कमान जप्त केली. धोंडाबाई हल्ली तिच्यावर नारळ खवते. उत्तम खवला जातो.

तर ही कला काय आहे, ते मला कळलं तेवढं सांगते. स्पेनच्या दक्षिणेला मोकळ्या माळावर गुरं राखतात, ती घोड्यावरून. स्वाराच्या डाव्या हातात लगाम, उजव्या हातात माणसाच्या दुप्पट लांब काठी. कळपातून हवं ते जनावर अलगद बाजूला काढायचं आणि गोठ्यापर्यंत न्यायचं. घोड्याला ओढायचं नाही. बसण्यावरून, मांडीवरून, श्वासावरून त्याला कळलं पाहिजे. आणि सगळ्यात मोठी परीक्षा कशाची, तर चालण्याची. उड्या नाहीत, नाच नाही, नुसतं चालणं. पण असं की कपाळावरची झालर घड्याळाच्या लंबकासारखी डावी-उजवी हलली पाहिजे. मी म्हटलं, चालायलाच शिकायचं होतं तर इतक्या लांब कशाला गेलास, औसा ते लातूर रस्ता आहे की. पण त्याने शेवंतीच्या तोंडातलं सगळं लोखंड काढून नाकावर मऊ कातड्याची मोरकी बांधली, माझ्या काश्मिरी शालीची झालर कापून (न विचारता) तिच्या कपाळावर लावली, आणि तिला नुसतं चालवू लागला. रोज सकाळी. मी ओट्यावर बसून टीका करायची. एका सकाळी ती झालर लंबकासारखी हलली आणि माझा चहा तसाच गार झाला.

काठीसाठी त्याने बांबू तोडून आणला आणि बैल नसल्यामुळे शेषेरावाच्या म्हशींवर शिक्षण सुरू केलं. शेवंतीने कळपात शिरायचं, एक म्हैस बाजूला काढायची, ती परत कळपाकडे वळली की आडवं जायचं, आणि शेवटी गोठ्याच्या दारात तिला आत घालून दारातच उभं राहायचं. शेवंतीला हे काम इतकं आवडलं की म्हैस दिसली की तिचे कान उभे राहायचे. म्हशींना मात्र आवडलं नाही. धोंडाबाई तावातावाने आली आणि मला म्हणाली, "ताई, तुमच्या घोडीच्या जिवाचं समदं बघून राहिलाव, माझ्या म्हशीला जीव न्हाई का? दूध चोरून राहिल्यात त्या." हा प्रश्न स्पेनमध्ये कुणी विचारला नसावा, कारण अनिमेषने बांबू खाली ठेवला. शेवटी असं ठरलं की बांबूने म्हशीला शिवायचंसुद्धा नाही, नुसता दाखवायचा, आणि काम झालं की म्हशीलाही सरकीची पेंड मिळायची. तेव्हापासून म्हशी स्वतःहून वेगळ्या होऊ लागल्या. एक तर रांग मोडून पुढे यायची.

एक अडचण राहिली. शेवंती आवाजाला दचकायची. हलगी वाजली की तिला काट्यांची आठवण व्हायची, आणि लग्न म्हटलं की हलगी, बँजो, फटाके. अनिमेष म्हणाला, आत्या, एखादा मोठा आवाज तिच्या ओळखीचा झाला पाहिजे, ज्याच्यामागे काही वाईट येत नाही. शेषेरावाच्या ट्रॅक्टरवर भोंगा आणि माईक होता. मी ओट्यावर बसून नोकरीतला आवाज लावला: यात्रीगण कृपया ध्यान दें. हे ऐकलं की अनिमेषने थांबायचं, अंग सैल सोडायचं, आणि शेवंतीला गूळ. दसरा होईतो असं झालं की मी 'यात्रीगण' म्हटलं की ती जिथे असेल तिथे चारी पाय रोवून उभी, कान माझ्याकडे. दादा, उभ्या नोकरीत मी लाखो प्रवाशांना तळमळीने सांगितलं आणि एकानेही मान वर करून ऐकलं नाही. माझं ऐकणारी ही पहिली.

आता लग्न. मुलगा आनंदराव, उमरीचा. बी-बियाणांचं दुकान आहे, स्वभावाने गरीब, आणि आयुष्यात स्कूटीपेक्षा उंच कशावर बसलेला नाही. त्याचे मामा रामलिंगराव मात्र उंच, रुंद आणि सर्व बाजूंनी मोठे. बँजो त्यांनी ठरवलेला, ड्रोन त्यांनी आणलेला, लग्नही जवळजवळ त्यांचंच. मांडव शेषेरावाच्या दारात, आपल्या घराला लागूनच, आणि परण्या आपल्या चिंचेखालून निघाला. (परण्या म्हणजे नवरदेव लग्नाआधी घोडीवरून मारुतीला जातो तो. पुण्यात राहून शब्द विसरला असाल म्हणून लिहिलं.) गुरुपादप्पा नवा गुलाबी फेटा बांधून रस्त्याच्या कडेला उभा, आणि खिशात तो लगाम. अनिमेष शेवंतीची मोरकी धरून चालत होता आणि चेहरा असा पांढरा, जणू लग्न त्याचं होतं.

मामांना फोटो हवा होता. त्यांनी अनिमेषला चौकटीतून बाजूला व्हायला सांगितलं. मग त्यांना वाटलं, नवरदेवाच्या हातात नुसती कट्यार बरी दिसत नाही, भाला पाहिजे. आपला तो बांबू चिंचेला टेकून होताच. त्याला भगवा पटका बांधून त्यांनी आनंदरावांच्या उजव्या हातात दिला. डाव्या हातात मोरकीची दोरी. भीतीने पोरगं काठीसारखं ताठ बसलं, मांड्या आवळून. दादा, शेवंतीच्या दृष्टीने बघा. डाव्या हातात दोरी, उजव्या हातात लांब बांबू, वर ताठ स्वार आणि समोर नाचणारा कळप. तिने कामाला सुरुवात केली.

मामांनी काळी कुळकुळीत शेरवानी घातली होती. मी अधिक लिहीत नाही. शेवंती गर्दीत अलगद शिरली आणि तिने मामांना बाजूला काढलं. मामा हसत परत नाचणाऱ्यांत जायला निघाले. ती आडवी गेली. मामा डावीकडे, ती डावीकडे. मामा उजवीकडे, ती उजवीकडे, ठेक्यात, मान झुकवून, कपाळावरची माझी झालर हलवत. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, घोडी नाचून राहिली, आणि हलगीवाल्याने ठेका वाढवला. मामांना कळेना, हा मान आहे की अपमान; ते हसतही होते आणि मागेही सरकत होते. तिने त्यांना रस्त्यावरून बांधावर, बांधावरून मांडवामागे आणि तिथून सरळ शेषेरावाच्या गोठ्यात घातलं, आणि दारात उभी राहिली. आतून एक म्हैस पेंडीच्या आशेने पुढे आली. धोंडाबाई तुळशीपाशी उभी होती, तिने पदर तोंडात कोंबला. ड्रोन वर होताच. ती फीत आता उमरी, नायगाव आणि अवघ्या लातूर जिल्ह्यात सगळ्यांनी बघितली आहे.

मी हसत हसत ओट्यावर टेकले, आणि तेवढ्यात माझं हसू गेलं. कारण गुरुपादप्पा धावत येत होता, दोन्ही हात वर करून. शेवंती नाचली. बिनलगामाची नाचली. ती आता त्याची. तो अनिमेषला मिठी मारून सांगत होता की उद्याच घेऊन जातो, असला नाच जिल्ह्यात कुणाकडं न्हाई. तुमचा मुलगा त्या मिठीत ओंडक्यासारखा उभा होता. इतके दिवस त्या घोडीच्या तोंडाला लोखंड लागू दिलं नाही, आणि आता ती नाचली म्हणूनच परत जाणार. तो नाच नव्हता हे कुणालाच पटलं नसतं.

आणि नेमकी आनंदाच्या भरात कुणीतरी फटाक्यांची लड लावली, गोठ्याच्या दाराशी. शेवंती थरथरली, मागच्या पायांवर येऊ लागली, वर आनंदराव बांबूला धरून. मी बँजोवाल्याचा माईक हिसकावला. (तो अजून रागावलेला आहे.) यात्रीगण कृपया ध्यान दें. प्लॅटफॉर्म नंबर एकवर येणारी गाडी, इत्यादी, तिन्ही भाषांत, नोकरीतल्या आवाजात. शेवंतीने चारी पाय जमिनीवर टेकले आणि माझ्याकडे कान केले. लड संपेतो फुटत राहिली. ती हलली नाही. आनंदराव घसरत खाली आले आणि त्यांनी तिच्या गळ्याला मिठी मारली. माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात मनापासूनचं आलिंगन तेच.

गुरुपादप्पा म्हणाला, आता पुन्हा नाचू द्या. हलगी सुरू झाली. मी बोलणं थांबवलं नाही. शेवंती उभी. त्याने हलगीवाल्याला जवळ बोलावलं, मी पुढची गाडी घेतली. तो म्हणाला, "बाई, जरा थांबा की." मी माईक बाजूला करून सांगितलं की उद्घोषणा मध्ये तोडता येत नाही. मी नांदेडहून सुटणाऱ्या सगळ्या गाड्या सांगितल्या, मग आठवतील त्या बंद झालेल्या. वऱ्हाडी जेवायला निघून गेले. गोठ्यातून मामांनी विचारलं, मी येऊ का बाहेर? उत्तर म्हशीने दिलं.

शेवटी गुरुपादप्पाने खिशातून लगाम काढला आणि तिच्याकडे गेला. तिने मान वर केली आणि एक पाऊल मागे गेली. एवढंच. तेव्हा मी माईक ठेवला आणि खाली उतरून त्याच्या दुसऱ्या हातावर गुळाचा खडा ठेवला, आणि म्हटलं, ते खिशात टाका आणि हे द्या. त्याने माझ्याकडे बघितलं, मिशी चावली आणि लगाम खिशात टाकला. हात पुढे केला. शेवंतीने बराच वेळ विचार केला. मग मान खाली आणली आणि त्याच्या तळव्यावरचा गूळ खाल्ला, आणि संपल्यावर तळवा चाटत राहिली.

"लई दिसानं माझ्या हातचं खाल्लं हिनं," तो स्वतःशीच म्हणाला.

मग फेट्याच्या टोकाने नाक पुसून, पुन्हा मिशा वर करून तो मला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या बाई. ही आता रेल्वेची झाली. ठेवा तुमच्याकडं." आमची आपसात समजूत झाली. (कोणती, ते खाली.) मुहूर्त अर्थातच टळला होता, पण मामा गोठ्यात असल्यामुळे कुणी भांडायला नव्हतं, आणि पुनमचं लग्न अगदी आनंदात लागलं. मुलगी इतकी हसत होती की अंतरपाट हलत होता.

तर दादा, तुम्ही दिलेलं काम मी पार पाडलं आहे. अनिमेष सरळ झाला आहे. घोड्यावर तर फारच सरळ बसतो. लातूर, उदगीरकडचे दोन घोडेवाले कालच त्यांच्या घोड्या घेऊन आले, लोखंडाशिवाय शिकवशील का विचारायला. पुण्याच्या नोकरीवाल्यांना कळवा की तो येणार नाही. तो तुम्हाला हे सांगायला घाबरतो, म्हणून मी लिहिते. मी कुणाला घाबरत नाही हे तुम्ही लहानपणापासून सांगत आला आहात. वहिनींना नमस्कार. तब्येतीला जपा, आणि पुढचं वाचायच्या आधी खोकल्याचं औषध घ्या.

तुमची,
कुसुम

ता. क. हरभरा. शेताच्या कडेला चांगला आहे. मध्यभागी एक मोठं वर्तुळ आहे, तिथे नाही. वर्तुळ फार सुबक आहे. उरलेल्यातला पाला शेवंतीला आवडतो, आणि बांधावरचं गवत तिने आधीच साफ केलं आहे, म्हणून शेषेरावाला गवताबद्दल बोलू नये. तेवढा तुकडा यापुढे घोड्यांना राहू द्यावा, ही विनंती. (नाही म्हणालात तर तुम्हाला स्वतः येऊन तिला बाहेर काढावं लागेल. तिला गोठ्यापर्यंत पोचवता येतं, हे ध्यानात असावं.)

दुसरा ता. क. मी पालथी का आहे. अनिमेष म्हणाला, आत्या, कॉन्व्हेंटात डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला शिकलेल्या बाईची बैठक जन्मात बिघडत नाही. त्याचं खरं निघालं. मी धोंडाबाईच्या नऊवारीत शेवंतीवर बसून चिंचेपर्यंत गेले आणि झालर लंबकासारखी हलत होती. मी पडलेले नाही. वर बसल्या बसल्या सवयीने मी स्वतःच 'यात्रीगण' म्हणाले. ती थांबली. मी थांबले नाही.

शेवटचा ता. क. राजदूत. ताडपत्री नीट आहे. राजदूत नाही. गुरुपादप्पाला पुढची लग्नं होती आणि घोडी मी ठेवून घेतली, तेव्हा त्याची नजर शेडमध्ये गेली. अदलाबदल रीतसर झाली आहे. आता राजदूतला घुंगरं, गुलाबी गोंडे आणि मखमलीची झूल आहे, नवरदेव मागे बसतो, आणि मारुतीपाशी पोचल्यावर गुरुपादप्पाचा भाचा तिला मागच्या चाकावर उभी करून हलगीवर नाचवतो. लोकांना फार आवडतं. हे वाचून तुम्हाला जे झालं ना दादा, तेच मला शेवंतीकडे बघून व्हायचं. फरक एवढाच की राजदूतच्या तोंडात काटा घालता येत नाही. माझी खरी विनंती एवढीच: तिची किल्ली वहिनींच्या देवघरातल्या डबीत आहे असं अनिमेष म्हणतो. ती पहिल्या कुरिअरने पाठवा. गुरुपादप्पा सध्या तारा जोडून तिला सुरू करतो, आणि ती फार कुरकुरते. मुक्या जिवाचे हाल माझ्याने बघवत नाहीत.